रुमाल आणि तबकडी : अंकीय युगांतील स्मृति-विस्मृतीचा विचार

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांत हल्लीं एक समजूत फार दृढ झालेली दिसते. दप्तराचीं छायाचित्रें घेतलीं व तीं संगणकावर चढविलीं म्हणजे तें दप्तर कायमचें राखिलें गेलें, अशी ती समजूत होय. प्रस्तुत लेखकाचीही कांहीं वर्षांपूर्वीं अशीच समजूत होती. ती कशी सुटली हें आरंभीं सांगितलें पाहिजे, कारण पुढील विवेचनाचें निमित्त तेंच आहे.

एका जुन्या वतनदार घराण्याकडे मोडी कागदांचे अकरा रुमाल होते. २००९ सालीं तीन आठवडे त्या घरीं बसून सर्व कागदांचीं छायाचित्रें घेतलीं. तीं सुमारें पांच हजार भरलीं. तीं दोन तबकड्यांवर उतरवून एक घराण्याकडे दिली व एक जवळ ठेविली. पुढें वाटणी होऊन वाडा पाडण्यांत आला, तेव्हां नऊ रुमाल रद्दींत गेले. विचारतां उत्तर मिळालें, "आपणच म्हणालां होतां ना, कीं आतां सारें सुरक्षित आहे?" हें उत्तर खोटें नव्हतें, तें वाक्य प्रस्तुत लेखकाच्याच तोंडचें होतें. घराण्याकडील तबकडी सांपडली नाहीं. जवळची तबकडी २०१९ सालीं जोडून पाहिली तों ती फिरेना. जाणत्या कारागिरास दाखविली, त्यानेंही हात टेकले. आज त्या पांच हजारांपैकीं सुमारें चारशें छायाचित्रें तेवढीं शिल्लक आहेत, कारण वाचनाच्या अडचणी सोडविण्यासाठीं तीं एका स्नेह्यास वेळोवेळीं पाठविलीं होतीं. अकरा रुमालांपैकीं दोन वांचले ते माळ्यावर कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत म्हणून.

जे दोन रुमाल वांचले ते दुर्लक्षामुळें वांचले, आणि जीं छायाचित्रें गेलीं तींही दुर्लक्षामुळेंच गेलीं. या एका गोष्टींत जुन्या व नव्या साधनांचा सर्व भेद आलेला आहे. कागदाचा नाश होण्यास कांहीं तरी घडावें लागतें: आग, पाणी, वाळवी किंवा रद्दीवाला. अंकीय प्रतीचा, म्हणजे ज्यास व्यवहारांत डिजिटल प्रत म्हणतात तिचा, नाश होण्यास कांहीं न घडणें पुरेसें असतें. शंभर वर्षें कोणी हात न लावलेला रुमाल सोडून वाचतां येतो. पंधरा वर्षें कोणी हात न लावलेली तबकडी वाचतां येईलच असें नाहीं. स्मृति राखण्याचा जो भार पूर्वीं बराचसा वस्तूवर होता तो आतां सर्वस्वीं माणसावर आला आहे, आणि माणसास मात्र याच्या उलट वाटूं लागलें आहे.

जुना कागद आपल्याकडे कसा राहिला हें पाहूं गेल्यास त्यांत इतिहासप्रेमाचा अंश फार थोडा आढळतो. कागद राहिला तो वतनामुळें. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम यांचा हक्क ज्या सनदेवर किंवा महजरावर अवलंबून, तो कागद घरचा कर्ता पुरुष जिवापाड जपे. आणि त्याच रुमालांत बांधलेले म्हणून हिशेब, याद्या व खासगी पत्रें हींही त्याजबरोबर राहिलीं. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले तेव्हां तर या कागदांची किंमत एकदम सर्वांच्या ध्यानीं आली. स्वातंत्र्योत्तर काळांत वतनें कायद्यानें रद्द झालीं व कागदाचा तो कैवारी गेला. तथापि तोंवर माळ्यावर, कणगींत, देवघराच्या फडताळांत पडून राहण्याची कागदास संवय झालेली होती. हातकागद चिवट, आणि काजळीची शाई प्रकाशानें उडत नाहीं. विनोदाची गोष्ट अशी कीं, अठराव्या शतकांतील जुन्नरी कागद आज घडी उलगडतांना मोडत नाहीं, आणि त्याच कागदांवरून विसाव्या शतकाच्या आरंभीं छापलेलीं पुस्तकें पान उलटतांना तुकडे होऊन हातांत येतात. लांकडाच्या लगद्याचा कागद आपल्यांतील आम्लानें आपणच जळत जातो. छापील प्रत मूळ कागदाच्या आधीं मरते, हा अनुभव आपणांस संगणकापूर्वींचाच आहे.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड वाई येथें मिळालेल्या कागदांवरून काढला. पानिपतच्या काळचे ते कागद सव्वाशें वर्षांहून अधिक काळ नुसते पडून होते. पेशवे दप्तराची स्थिति वेगळी नव्हती. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापले, तरी दप्तराचा फार मोठा भाग अद्याप न वाचलेलाच आहे. न वाचलेला आहे, पण आहे. विसरलेला आणि नष्ट झालेला या दोन स्थितींमध्यें जी मोठी मोकळी जागा होती, तींतच आपल्या सर्व संशोधनाचा जन्म झाला. अंकीय साधनांत ही मधली जागा जवळजवळ नाहींशी होते, ही खरी चिंतेची बाब आहे.

याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील आहे. १०८६ सालीं पहिल्या विल्यम राजाच्या आज्ञेनें त्या देशाची जमीनपाहणी होऊन ती चर्मपत्रावर लिहिली गेली. डोम्सडे बुक या नांवाचा तो ग्रंथ आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत असून, लॅटिन भाषा व त्या काळची लेखनपद्धति जाणणारास तो वाचतां येतो. त्यास ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी.बी.सी.नें नवी पाहणी केली. सुमारें दहा लक्ष लोकांनीं, त्यांत शाळकरी मुलें पुष्कळ, आपापल्या गांवची माहिती व चित्रें पाठविलीं. तीं लेझर किरणांनीं वाचावयाच्या दोन तबकड्यांवर उतरविलीं. त्या तबकड्यांस एका विशिष्ट जातीचें यंत्र व एका विशिष्ट जातीचा संगणक लागे. १६ वर्षांत दोन्ही दुर्मिळ झालीं. २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या तज्ज्ञांनीं जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून घेतलें, तेव्हां तो मजकूर पुनः दिसूं लागला. २०११ सालीं बी.बी.सी.नें तो आंतरजालावर सर्वांसाठीं खुला केला. २०१८ सालीं तें ठिकाणही बंद झालें, व त्याची नक्कल दप्तरखान्यानें संग्रहीं ठेविली. ३२ वर्षांत या संग्रहास इतके वेळां मरणाच्या दारांतून परत आणावें लागलें. त्याचा बोलबाला झाला होता म्हणून धांवून येणारे मिळाले. आपल्या तबकड्यांसाठीं कोण धांवणार?

पण इतके दूर जाण्याचें कारण नाहीं; मराठी मजकुराचाच एक प्रकार पाहावा. १९९० नंतरच्या दशकांत मराठी ग्रंथांची जुळणी संगणकावर होऊं लागली. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, अंक ओळखतो. कोणत्या अक्षरास कोणता अंक हा केवळ संकेताचा प्रश्न आहे. भारतीय लिप्यांसाठीं सरकारी मानक १९९१ सालीं ठरलें, आणि जगांतील सर्व लिप्यांसाठीं योजिलेल्या युनिकोड संकेताची देवनागरीसह पहिली आवृत्तिही त्याच सालीं निघाली. परंतु छापखान्यांतून चालत ते निरनिराळ्या फाँटांचे खासगी संकेत. त्यांत रोमन अक्षराच्या अंकावर देवनागरी अक्षराचें किंवा त्याच्या तुकड्याचें चित्र बसविलेलें असे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा 'श' वेगळा. तो फाँट संगणकावर असेल तर पान स्वच्छ मराठींत दिसे. नसेल तर त्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक ओळ उभी राही. अशा रीतीनें जुळविलेल्या सूच्या, लिप्यंतरें व ग्रंथांच्या मुद्रणप्रती आज कित्येक संस्थांच्या कपाटांत चपट्या चकत्यांवर पडून आहेत. चकती वाचणारें यंत्र मिळविलें तरी पुढें फाँट हवा, आणि फाँट हवा तर तो ज्या जुन्या प्रणालींत चालतो ती प्रणाली हवी. कित्येक फाँटांचा मजकूर युनिकोडांत पालटून देणारे परिवर्तक आतां मिळतात, हें सांगितलेंच पाहिजे. पण अल्प प्रचारांतील फाँटांस असा कैवारी मिळणें कठीण, आणि परिवर्तनानंतर जोडाक्षरें व रफार पुनः तपासून घ्यावेच लागतात.

मोडीशीं याची तुलना करावी. मोडीचा शाळांतील व कचेऱ्यांतील उपयोग विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास थांबला, आणि दोन पिढ्यांत ती सामान्य मराठी माणसास अपरिचित झाली. हा आपल्या समाजाचा एक फार मोठा विसर होय. तरी मोडी वाचतां येते, कारण तिची किल्ली खुद्द कागदांतच आहे: तींच अक्षरें सहस्र वेळां येतात, पत्राचा मायना ठराविक, शब्द ओळखीचे. नवशिका सहा महिन्यांच्या खटपटीनें साधीं पत्रें वाचूं लागतो. मोडीस २०१४ सालीं युनिकोडांतही स्थान मिळालें. म्हणजे ३०० वर्षांपूर्वींचें मोडी पत्र वाचण्यास एक शिकलेला डोळा पुरतो, आणि २५ वर्षांपूर्वीं जुळविलेलें त्याचेंच लिप्यंतर वाचण्यास मध्यें तीन-चार यंत्रांची व संकेतांची साखळी अखंड असावी लागते. तींतील एक कडी तुटली कीं उत्तम डोळाही निरुपयोगी.

आतां प्रतीचा प्रश्न. प्रत असली म्हणजे मूळ कशास हवें, या प्रश्नाचें उत्तर राजवाडे यांच्या ज्ञानेश्वरीनें देऊन ठेविलें आहे. राजवाडे यांनीं एकनाथपूर्व म्हणून मानलेल्या एका पोथीवरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची संहिता छापली. ती पोथी आज उपलब्ध नाहीं. छापील संहिता आहे, ती पुनः पुनः छापलीही गेली. पण पोथीचें वय, अक्षरवटिका, कागद, समासांतील दुरुस्त्या, शेवटचीं पानें यांविषयींचे प्रश्न विचारावयाचे कोणास? जें राजवाडे यांनीं पाहिलें व नोंदण्याजोगें मानलें तेवढेंच उत्तर मिळतें. प्रत कितीही निर्दोष असली तरी ती प्रतकाराच्या प्रश्नांपुरतीच बोलते. पुढील पिढीचे प्रश्न निराळे असतात, आणि ते फक्त मूळ वस्तूसच विचारतां येतात. छायाचित्रासही हाच नियम लागू आहे. आपण कागदाची लिहिलेली बाजू टिपतों, आणि पाठीवरचा शेरा, बंद जोडले असतील तेथील सांध्यावरचा शिक्का, घडीच्या खुणा, रुमालांतील कागदांचा क्रम हें सर्व सोडून देतों. खोटा महजर ओळखण्याच्या वेळीं उपयोगी पडतें तें बहुधा हेंच. प्रस्तुत लेखकानेंही वर सांगितलेल्या पांच हजार छायाचित्रांत पाठी घेतल्या नव्हत्या. कोऱ्या आहेत असें वाटलें होतें.

खोडण्याचा प्रकारही दोन युगांत सारखा नाहीं. आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथांची दहाव्या शतकांत केलेली एक चर्मपत्री प्रत १२२९ सालीं खरवडून, धुऊन तिजवर एक प्रार्थनापुस्तक लिहिण्यांत आलें. १९०६ सालीं हायबर्ग या डॅनिश पंडितानें कॉन्स्टँटिनोपल येथें खालच्या पुसट ओळी भिंगानें वाचून तींत आर्किमिडीजचा तोंवर अज्ञात असलेला एक ग्रंथ ओळखला. १९९८ सालीं ती पोथी लिलावांत गेल्यावर बाल्टिमोर येथें निरनिराळ्या तरंगांच्या प्रकाशांत तिचीं चित्रें घेऊन आणखीही मजकूर वर आणण्यांत आला. या कामीं संगणकाचा उपकार थोर आहे, हें कोणीही मान्य करील. पण ज्याचा शोध घ्यावयाचा तो शाईचा अंश कातड्यांत ८०० वर्षें जिवंत होता म्हणून हें झालें. याच्या उलट १९६९ सालच्या चांद्रयात्रेच्या मूळ चुंबकीय फितींचें झालें. त्या कोठें आहेत याची चौकशी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनें केली, आणि २००९ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, फितींचा तुटवडा पडल्यामुळें त्या पुसून पुनः वापरण्यांत आल्या असाव्यात. धर्मगुरूनें चर्मपत्र ज्या कारणासाठीं खरवडलें, नेमकें त्याच कारणासाठीं. मात्र येथें खालची ओळ वाचण्यास उरली नाहीं. दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या प्रक्षेपणाच्या दुय्यम प्रती मिळवून त्याच सुधारून घ्याव्या लागल्या.

वस्तु शाबूत असून तिचा मार्ग हरवणें हा विसराचा आणखी एक प्रकार. २०२३ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला. ग्रंथ व हस्तलिखितें जागच्या जागीं होतीं, पण सूची बंद, मागणीची व्यवस्था बंद, आणि हस्तलिखितांचीं छायाचित्रें पाहण्याचें द्वारही बंद. मुख्य सूची नुसती पाहण्यापुरती सुरू होण्यास जानेवारी २०२४ उजाडला. हस्तलिखितांची चित्रें तर त्यानंतरही दीर्घकाळ मिळत नव्हतीं. त्या अवधींत ब्लूमहार्ट यांनीं केलेली व १९०५ सालीं छापलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी हस्तलिखितांची सूची ज्याच्या घरीं होती, त्याचें काम अडलें नाहीं. निदान काय आहे व कोणत्या क्रमांकाखालीं आहे, हें त्यास ठाऊक होतें.

मार्ग बुद्ध्या बंद करण्याचा अधिकारही आतां कायद्यानें मानला आहे. एका स्पॅनिश गृहस्थाच्या घराच्या लिलावाची १९९८ सालची वर्तमानपत्री जाहिरात त्याचें नांव शोधतां प्रत्येक वेळीं पुढें येई. कर्ज केव्हांच फिटलेलें होतें. १३ मे २०१४ रोजीं युरोपीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, नांवावरून शोध करतां मिळणारा असा दुवा काढण्याची मागणी त्यास शोधयंत्राच्या चालकाकडे करतां येते. वर्तमानपत्रांतील मूळ मजकूर मात्र जागींच राहिला. दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर कागद ठेविला व सूचींतील नोंद खोडली. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत माहिती पुसून घेण्याचा हक्क सांगितला आहे. संग्राहकांस हा विषय परका वाटेल, पण तो तसा नाहीं. आपल्या महजरांत व निवाडपत्रांत चोरी, व्यभिचार, वाळीत टाकणें, प्रायश्चित्त यांच्या नोंदी आडनांव-गांवासह असतात. रुमालांत होत्या तोंवर त्या दहा जाणत्यांनीं वाचल्या. शोधयंत्रांत गेल्या म्हणजे त्या त्या आडनांवाच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळींही निघतील. १७५० चा निवाडा झांकावा असें प्रस्तुत लेखकाचें मत नाहीं. पण ज्यांचीं मुलें-नातवंडें हयात आहेत अशा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या व विसाव्या शतकांतील घरगुती कागदांची नांवनिशीवार सूची जगापुढें ठेवण्यापूर्वीं घराण्यास विचारणें हा साधा शिष्टाचार आहे.

मग करावें काय? छायाचित्रें घेऊं नयेत, असें म्हणणें वेडेपणाचें होईल. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यांत ग्रंथांची व हस्तलिखितांची जी नासधूस झाली, ती पाहिलेल्या कोणासही दुसरी प्रत अन्यत्र असण्याचें महत्त्व सांगावयास नको. प्रश्न एवढाच कीं, प्रत राखण्याची रीत आपल्या पूर्वजांस जितकी कळली होती तितकी आपणांस कळावी. लिहिणारा पोथीच्या शेवटीं ग्रंथाग्र देई, म्हणजे ३२ अक्षरांचा एक ग्रंथ या मापानें एकंदर संख्या. ती मजुरीसाठीं लागे, आणि मजकूर गळला कीं काय हें पाहण्यासही उपयोगी पडे. वैदिकांची योजना याहून सूक्ष्म. जटापाठांत पहिलें पद, दुसरें, मग दुसरें, पहिलें, पुनः पहिलें, दुसरें, अशा क्रमानें पदें गुंफलीं जातात. घनपाठांत ही गुंफण तीन पदांपर्यंत वाढते. एक स्वर चुकला तर गुंफण तेथेंच बिघडते. संगणकशास्त्रज्ञ आज जो पडताळा-अंक काढतात त्याचें तत्त्व याच जातीचें आहे: संचिकेंतील सर्व अंकांवर ठराविक गणित करून एक लहान संख्या काढावयाची, व ती वेगळी लिहून ठेवावयाची. संचिकेंतील एक बिंदु पालटला तरी दुसऱ्या वेळीं निराळी संख्या येते. हें गणित करून देणारीं साधनें फुकट मिळतात. संग्राहकांपैकीं फारच थोडे तीं वापरतात.

आणि घनपाठ्याचें खरें बळ गुंफणींत नसून रोजच्या आवृत्तींत होतें. अंकीय प्रतीसही आवृत्ति हवी: दोन-तीन वर्षांनीं प्रत्येक तबकडी जोडून पाहावी, पडताळा-अंक जुळवावा, पांच-सात वर्षांनीं सर्व नव्या तबकडीवर घ्यावें, आणि एक प्रत दुसऱ्या गांवीं दुसऱ्या माणसाकडे असावी. मजकूर युनिकोडांत ठेवावा. चित्रें सर्वांस ठाऊक असलेल्या खुल्या प्रकारांत ठेवावीं. हें काम कोणाचें, हें लिहून ठरविलेलें नसेल तर तें कोणाचेंच होत नाहीं. सूची मात्र कागदावर छापावी, आणि तो कागद आम्लरहित पाहून घ्यावा.

छायाचित्राचा आणखी एक दोष आहे, आणि तो यंत्राचा नव्हे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, संग्रहालयांतील ज्या वस्तूंचें लोकांनीं छायाचित्र घेतलें त्या वस्तु त्यांस नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां कमी आठवल्या. एखाद्या भागावर रोखून जवळून चित्र घेतलें तर मात्र ही उणीव दिसली नाहीं. दप्तरांत काम करणारांचा अनुभव याहून निराळा नाहीं. पूर्वीं बोरूनें नक्कल उतरवितांना कागद आपोआप वाचला जाई. आतां दिवसाला ४०० पानें टिपून माणूस घरीं जातो, आणि त्यांत काय होतें असें विचारलें तर उत्तर देऊं शकत नाहीं. गेलेल्या नऊ रुमालांतील जे कागद प्रस्तुत लेखकानें हातानें उतरवून घेतले होते, ते ६१ आहेत. त्यांतील बहुतेक आजही जवळजवळ तोंडपाठ आहेत. बाकीच्यांपैकीं दोन-चारांचा विषयही आठवत नाहीं.

वांचलेल्या दोन रुमालांचें काम यंदा पुरें झालें. त्यांत १७३ कागद निघाले. प्रत्येकाची पुढची व पाठची अशा दोन्ही बाजू टिपल्या, आणि कोरी समजलेली पाठ ४० कागदांवर कोरी नव्हती. सूचीच्या तीन छापील प्रती काढून एक घराण्याकडे, एक तालुक्याच्या वाचनालयांत व एक मंडळाकडे दिली आहे. रुमाल नव्या मांजरपाटांत बांधून घराण्यानें आपल्याच घरीं, पूर्वींप्रमाणें माळ्यावर, ठेविले आहेत.